विंग फॉइलिंगची विंग: बूम घ्यावी की हँडल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंग फॉइलिंगमध्ये हातात फुगवलेले शीड, म्हणजे विंग, धरून बोर्डावर उभे राहायचे असते; बोर्डाखाली पाण्यात पंखासारखे फॉइल असते आणि वेग आला की ते बोर्डाला पाण्याच्या वर उचलते. उन्हाळ्यात दुपारचा पश्चिम वारा सुटू लागला की पुण्यातून विंग खरेदीविषयीचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले बहुसंख्य प्रश्न विंगच्या मापाबद्दल किंवा कंपनीबद्दल नसतात. विंग धरायची कशाने, याबद्दल असतात. हा प्रश्न योग्यच आहे, कारण पाण्यावर असेपर्यंत आपला आणि वाऱ्याचा संबंध त्या एका मुठीतून येतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे तसा निर्देश केला आहे.

१. बूम म्हणजे नेमके काय आणि हँडल म्हणजे काय?

विंगच्या पुढच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली जाड फुगीर नळी असते, तिला लीडिंग एज म्हणतात. तिच्या मध्यापासून मागे जाणारी दुसरी फुगीर नळी म्हणजे स्ट्रट. या दोहोंवर कापड ताणलेले असते. स्ट्रटच्या खाली, लीडिंग एजपासून स्ट्रटच्या मागच्या टोकापर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची एकसलग नळी बसवली, तर ती बूम. तीवर हात कुठेही ठेवता येतो. स्ट्रटला ठरावीक जागी दोन किंवा अधिक मुठी बसवल्या, तर ती हँडले. हँडलांचेही दोन प्रकार आहेत: पट्ट्याची मऊ हँडले आणि स्ट्रटवर घट्ट बसणारी कडक हँडले. त्यांच्यातला फरक प्रश्न ४ मध्ये आहे.

यांशिवाय लीडिंग एजच्या मध्यावर एक छोटे हँडल असते. विंग मोकळी सोडून वाऱ्यावर फडकत ठेवण्यासाठी ते असते आणि बूमच्या विंगलाही ते लागतेच.

२. मग दोन पद्धती आल्याच कशा? एकच चांगली पद्धत का ठरली नाही?

फुगवायची विंग २०१९ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हापासूनच या दोन्ही पद्धती आहेत. ड्युओटोनची पहिली विंग केन विनर यांनी रचली होती आणि तिला बूम होती. नॅशच्या विंगला स्ट्रटवर हँडले होती. ड्युओटोन आजही स्लिक ही बूमची आणि युनिट ही हँडलांची, अशा दोन वेगळ्या विंग विकते. एकाच कंपनीला दोन्ही ठेवाव्या लागतात, यावरूनच कळते की हा प्रश्न चालवणाऱ्याच्या सवयीचा आणि पाण्याच्या जातीचा आहे. म्हणून परदेशातल्या समुद्रावरचा सल्ला पानशेतला जसाच्या तसा लागू पडत नाही.

३. मी अगदी नवशिका आहे. पहिली विंग कोणती घ्यावी?

पूर्वी विंडसर्फिंग केलेले नसेल, तर कडक हँडलांची विंग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या काही महिन्यांत आपण चालवतो थोडे आणि पडतो फार. पडताना विंग हातातून सुटते आणि बोर्डावर, फॉइलवर किंवा आपल्यावर येऊन आदळते. फुगीर स्ट्रट लागला तर काही होत नाही. बूमची नळी लागली तर बोर्डाला खोक पडते आणि डोक्याला लागली तर त्याहून वाईट. माझ्या पहिल्या बोर्डाच्या नाकावर अंगठ्याएवढा खड्डा आहे, तो बूमच्या पुढच्या सांध्याने पाडलेला आहे. त्या दिवशी वारा फारसा नव्हता. मी गुडघ्यांवरून उठता उठता तोल गेला, एवढेच झाले होते.

दुसरे कारण असे की हँडल शिकाऊ हाताला जागा दाखवते. पुढचा हात इथे, मागचा हात तिथे, हे न बघता कळते. बूमवर हात कुठेही जाऊ शकतो, आणि कुठे जावा हे अजून अंगात मुरलेले नसते. हेल्मेट मात्र दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे. त्यात मी सवलत देत नाही.

४. मऊ आणि कडक हँडलांमध्ये खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि बूम व हँडल यांच्यातल्या फरकापेक्षा तो अनेकदा मोठा असतो. मऊ हँडल म्हणजे पट्ट्यावर फोमचे वेष्टन. आपण ओढले की आधी पट्टा ताणला जातो, मग स्ट्रट थोडा फिरतो आणि नंतर विंग हलते. मनगट वळवून विंगचे एक टोक खाली-वर करायचे झाल्यास पट्टा हातातच पिळला जातो आणि विंग जागच्या जागी राहते. तासाभराने बोटांची पेरे स्ट्रटच्या कापडावर घासून लाल होतात. तरीही मऊ हँडल वजनाला हलके असते, विंगसोबत गुंडाळले जाते आणि पडल्यावर कोणालाही इजा करत नाही. लाटेवर विंग मागे सोडून देणाऱ्याला ते पुष्कळ झाले.

कडक हँडल स्ट्रटशी एकजीव झालेले असते. मनगट वळले की विंग वळते. नांगराचे रुमणे हातात धरल्यावर फाळ कुठे आहे हे तळव्याला कळते, तसेच काहीसे हे आहे. मात्र हँडल ज्या पट्टीवर बसवलेले असते ती पट्टी स्ट्रटवर घट्ट बसलेली हवी आणि स्ट्रट पुरेसा फुगवलेला हवा. स्ट्रट मऊ राहिला तर कडक हँडलाचा सगळा फायदा जातो. हवेचा दाब विंगवर छापलेला असतो; तो अंदाजाने भरू नये, पंपावरील मापक पाहून भरावा.

५. आम्ही पानशेतच्या बाजूला जातो. तेथे वारा सारखा कमी-जास्त होतो. अशा वाऱ्याला बूम बरी की हँडल?

पुणेकरांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्रावरचा वारा मैलोन्‌मैल सपाट पाण्यावरून येतो, त्यामुळे तो बराचसा एकसारखा असतो. आपल्या धरणांवरचा वारा सह्याद्रीचे डोंगर ओलांडून, खोऱ्यांतून वळसे घेत येतो. मोसे नदीवरचे वरसगाव आणि आंबी नदीवरचे पानशेत ही दोन्ही जलाशये डोंगरांच्या ओळींमध्ये लांबट पसरलेली आहेत. वारा खोऱ्याच्या दिशेने आला तर तो जोर धरतो. थोडा तिरपा झाला की एखाद्या सोंडेच्या आड पाणी अगदी शांत पडते आणि पन्नास मीटरवर पुन्हा झोत असतो. लक्ष दिले तर झोत डोळ्यांना दिसतो: पाण्यावर काळसर, बारीक सुरकुत्यांचा पट्टा आपल्याकडे सरकत येतो, आणि तो पोहोचण्याच्या क्षणभर आधी विंगची मागची कड थरथरते.

त्या क्षणी विंगमध्ये काय होते ते पाहावे. झोत आला की कापड ताणले जाते, वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो मागे सरकतो आणि मागचा हात अचानक जड होतो. वारा पडला की तो बिंदू पुन्हा पुढे येतो. दोन्ही हातांवर सारखा भार ठेवायचा असेल, तर हातांनी त्या बिंदूच्या मागोमाग सरकले पाहिजे. बूमवर हे चार बोटांचे सरकणे नकळत होते. हँडलांवर हात जागा सोडून जाऊ शकत नाही. मग आपण कोपर वाकवून, शरीर झुकवून किंवा विंग थोडी उघडून तोल राखतो. काही कडक हँडले एक वीत लांबीची असतात, त्यांवर थोडे सरकता येते आणि गरजेपैकी बराच भाग भागतो.

या हिशेबाने धरणावर बूम बरी ठरायला हवी. पण याच वाऱ्यामुळे माणूस जास्त वेळा पडतो, आणि पडताना बूम नको असते. वारा पडला की बोर्ड पाण्याच्या वर टिकवण्यासाठी विंगने पंप मारावे लागतात, म्हणजे विंग जोराने आत ओढून सोडावी लागते. तेव्हा बूमचा ताठपणा उपयोगी पडतो, कारण हाताचा जोर पट्ट्याच्या ताणात न मुरता थेट कापडापर्यंत जातो. कडक हँडलांनीही हे जवळजवळ तितकेच साधते. मऊ हँडलांनी साधत नाही.

माझा सल्ला असा आहे. फॉइलवर एका दमात दोनशे-तीनशे मीटर न पडता जाता येत नसेल, तर लांब कडक हँडले घ्यावीत. तेवढे जमू लागले आणि आपण मुख्यत्वे धरणावरच जात असाल, तर मित्राची बूमची विंग मागून घेऊन दोन दुपारी तरी वापरावी आणि मगच पैसे खर्च करावेत. मऊ हँडलांची विंग या पाण्यासाठी पहिली विंग म्हणून मी सुचवत नाही.

६. पुणे उंचावर असल्यामुळे विंग मोठी घ्यावी लागते असे ऐकले. त्याचा बूमशी काही संबंध आहे का?

उंचीचा परिणाम खरा आहे, पण लहान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर हवा पाच-सहा टक्के विरळ असते, आणि विंगला मिळणारा जोर हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो. म्हणजे अलिबागला पाच चौरस मीटरची विंग जे काम करते, त्यासाठी तितक्याच वाऱ्यात येथे सुमारे ५.३ चौरस मीटर लागतील. वाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तेथला १५ नॉट आणि येथला साडेपंधरा नॉट सारखेच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. धरणावरच्या एका झोतातला चढउतार यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे केवळ उंचीसाठी माप बदलण्याची गरज नाही.

पकडीशी संबंध आडवळणाने येतो. हलक्या वाऱ्यासाठी सहा किंवा सात चौरस मीटरची विंग घेतली, तर तिचा स्ट्रटही लांब होतो आणि भाराखाली मधे वाकतो. दोन्ही टोकांना बांधलेली बूम त्या लांब स्ट्रटला आधार देते. लहान विंगमध्ये हा फायदा जेमतेम जाणवतो. दोन विंग असतील आणि एकीलाच बूम हवी असेल, तर ती मोठीला असावी.

७. मी पूर्वी बरीच वर्षे विंडसर्फिंग केले आहे. माझ्यासाठीही हँडलच का?

नाही. आपल्यासाठी प्रश्न ३ चे उत्तर बदलते. आपल्या हातांना बूमची सवय आहे, दाबाचा बिंदू शोधणे अंगवळणी पडले आहे आणि पडताना हातातली वस्तू अंगापासून दूर ढकलायची सवयही आहे. बूमची विंग घ्यावी. एकच गोष्ट नव्याने शिकावी लागेल: विंडसर्फिंगच्या बूमवर आपण अंगाचा भार टाकून लटकतो, कारण शीड बोर्डावर उभे असते. विंग कशावरच उभी नाही. तिच्यावर लटकले की ती थेट आपल्या अंगावर येते.

८. हात आणि कोपराच्या खालचे स्नायू फार भरून येतात. बूमने फरक पडेल का?

पडू शकेल, पण आधी मुठीची जाडी पाहावी. जाड मूठ धरून ठेवायला बोटे जास्त आवळावी लागतात आणि स्नायू लवकर भरतात. विंडसर्फिंगच्या बूमची जाडी साधारण २४ ते ३० मिलिमीटर असते. लहान हाताला बारीक बूम सोसते. हँडलांवरचे फोम पाणी पिऊन फुगले असेल किंवा वरून कोणी टेप गुंडाळली असेल, तर तिथूनच दुखणे सुरू होते.

बूमचा एक फायदा येथे नक्की आहे: हात बदलता येतो. पकड दोन बोटे पुढे नेली, तळवा वरून ऐवजी खालून लावला, की वेगळे स्नायू काम करू लागतात. हँडलावर तीच पकड तासभर राहते. तरीही खरा उपाय बहुतेकदा हार्नेस, म्हणजे विंगची दोरी अडकवण्यासाठी कमरेला बांधायचा हुकाचा पट्टा, हाच असतो. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

९. हार्नेस वापरायचा असेल तर बूमच लागते का?

लागत नाही, पण बूमवर काम सोपे होते. हार्नेसची दोरी बूमवर हवी तिथे बांधून पुढेमागे सरकवता येते, त्यामुळे दाबाच्या बिंदूखाली ती नेमकी आणता येते. हँडलांच्या विंगवर दोरी दोन हँडलांच्या मुळांशी किंवा स्ट्रटवरच्या फाशांत अडकवावी लागते. त्या जागा कंपनीने ठरवलेल्या असतात आणि त्या आपल्या वजनाला, आपल्या उभे राहण्याच्या पद्धतीला जुळतीलच असे नाही.

ढोल कमरेला बांधला की खांदे मोकळे होतात, हे पथकात वाजवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हार्नेसचे सुख त्याच प्रकारचे आहे. मात्र झोताच्या वाऱ्यात अडकलेल्या अवस्थेत पडलो, तर विंगसोबत आपण ओढले जातो. प्रश्न ५ मधले अंतर जमल्याशिवाय हार्नेस लावू नये.

१०. आम्ही सुट्टीत कोकणात जातो आणि लाटांवर चालवतो. तेथे काय चांगले?

लाटेवर विंगचे काम मुख्यतः लाटेपर्यंत पोहोचवण्याचे असते. लाट मिळाली की पुढचे हँडल एका हातात धरून विंग मागे वाऱ्यावर सोडायची आणि फक्त फॉइलवर वळत राहायचे. त्या वेळी विंग जितकी हलकी आणि निर्धास्त फडकेल तितके बरे. येथे हँडलांची विंग, अगदी मऊ हँडलांचीसुद्धा, पुढे आहे. बूमच्या वजनामुळे सोडलेली विंग एका बाजूला कलू शकते आणि फेसात पडल्यावर ती कडक नळी आपल्या आसपास गरगरत राहते.

११. एकच बूम दोन-तीन विंगना चालेल का?

एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत, लांबी बदलता येणारी बूम असेल, तर चालू शकते. वेगवेगळ्या कंपन्यांचे सांधे सहसा जुळत नाहीत. पाण्यावर वारा वाढला म्हणून विंग बदलायची झाल्यास बूम एकीवरून काढून दुसरीवर बसवावी लागते. वाळूवर यात अडचण नाही. मे महिन्यात धरणाचे पाणी खाली गेल्यावर मात्र काठ आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर गाळ असतो, आणि त्या गाळात बूमचे मागचे टोक एकदा टेकले की सांध्यातून बारीक माती काढण्यात अर्धा तास जातो. मी हे केले आहे, म्हणून विंग काठावरच्या गवतावर जोडून मगच उचलून नेण्याचा आग्रह धरतो.

१२. माझ्या विंगला हँडले आहेत. तिला नंतर बूम बसवता येईल का?

येथे तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. काही विंगना हँडलांच्या जागी स्क्रूने बसणारी पट्टी असते, आणि त्याच पट्टीवर कंपनीची आखूड बूम बसते. ती पूर्ण लांबीची नसली तरी हात सरकवायला पुरेशी असते, आणि मला ती तडजोड उत्तम वाटते. दुसऱ्या प्रकारात हँडले स्ट्रटला शिवलेली असतात; तेथे बूम बसवू नये. शिवण फक्त पट्ट्याची ओढ सोसण्यासाठी घातलेली असते, नळीचे टोक जसे उचकटते तसा भार ती सोसत नाही. तिसरा प्रकार म्हणजे दोन मऊ हँडलांमधून पाइप घालून घरी केलेली बूम. मी ती दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा पाइप पट्ट्यातून निसटला होता. ते करू नये.

१३. बारा वर्षांच्या मुलीसाठी विंग घ्यायची आहे. काय पाहावे?

दोन किंवा तीन चौरस मीटरची, हलकी, हँडलांची विंग घ्यावी. मुलांच्या बाबतीत मऊ हँडलेही मला चालतात, कारण त्यांच्या हातात भार कमी असतो आणि पडणे पुष्कळ असते. दोन हँडलांमधले अंतर तिच्या खांद्यांच्या रुंदीच्या फार पलीकडे नसावे. दुकानात फुगवून, डोक्यावर धरायला सांगून पाहावे. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि काठावर लक्ष ठेवणारे मोठे माणूस या बाबी पकडीच्या प्रश्नाआधी येतात. जलाशयावर उतरण्यास परवानगी आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे. खडकवासल्यासारखी धरणे शहराच्या पिण्याच्या पाण्याची आहेत आणि सर्व ठिकाणी उतरता येत नाही.

१४. खांद्याची जुनी दुखापत आहे. कोणती पकड सोसेल?

डॉक्टरांनी पाण्यावर जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले असेल, तरच पुढचे वाचावे. खांद्याला सर्वांत जास्त ताण विंग डोक्यावरून पलटवताना आणि मागचा हात दूर ताणलेला असताना बसतो. बूमवर मागचा हात जवळ ओढून घेता येतो, ही मोठी सोय आहे. उलट पाण्यात पालथी पडलेली बूमची विंग सुलटी करायला जास्त जोर लागतो, कारण नळी पाण्यात अडकते. आपण किती वेळा पडता यावर उत्तर अवलंबून आहे: क्वचित पडत असाल तर बूम, वरचेवर पडत असाल तर कडक हँडले.

१५. जुनी विंग विकत घेताना पकडीच्या जागी काय तपासावे?

विंग पूर्ण दाबाने फुगवायला सांगावी आणि किमान तासभर तशीच ठेवावी. मग हँडल दोन्ही हातांनी पिळून पाहावे: हँडल हलते की त्याखालची पट्टी हलते की स्ट्रटच पिळला जातो, हे वेगवेगळे कळले पाहिजे. शिवलेल्या हँडलांच्या मुळाशी टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसत असेल, तर तेथे कापड फाटायला सुरुवात झाली आहे. बूम असेल तर तिचे दोन्ही सांधे उघडून दाखवायला सांगावे. समुद्रावर वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या बूमवर, विशेषतः स्टीलच्या स्क्रूभोवती, पांढरी भुकटी दिसते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात. थोडी असेल तर गोड्या पाण्याने धुऊन चालते. स्क्रू फिरतच नसेल तर बूमची किंमत शून्य धरावी. कार्बनच्या बूमवर नखाने टकटक करत जावे, आणि आवाज एखाद्या ठिकाणी अचानक बद्द झाला तर ती घेऊ नये.

१६. विंग उन्हात फुगवून ठेवली तर चालते का? बूम काढून ठेवावी का?

उन्हात ठेवू नये. आत कोंडलेली हवा तापली की दाब वाढतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये काळ्या खडकावर ठेवलेली विंग पाहता पाहता टणक होते. सावली नसेल तर थोडी हवा सोडावी आणि पाण्यात जाण्यापूर्वी पुन्हा भरावी. बूम लावलेली विंग जमिनीवर ठेवताना लीडिंग एज वाऱ्याकडे व बूम वरच्या बाजूला करून पालथी ठेवावी. ती सुलटी ठेवली तर सगळे वजन बूमवर येते आणि सांधे मातीत रुततात. घरी नेताना बूम काढावी, सांध्यांवर गोडे पाणी ओतावे आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत भरावी. ओल्या पिशवीतल्या बूमचा स्क्रू पुढच्या रविवारी हमखास अडतो.